सिबिउच्या भिंतीतला चुना

जेवणाच्या सुट्टीत नागनाथ परांचीवरच, काम चाललेल्या खिडकीजवळ आडवा होतो. डोळा लागतोय न लागतोय तोच शिडीवरून आबा वर येतात. आबा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर चुन्याचं काम केलेले गवंडी. बारा दिवसांपूर्वी मोहोळला वारले. नागनाथ गेला नाही. रुमानियातल्या सिबिउ शहरात तो जुन्या घरांना गिलावा करतो. सुट्टी मिळाली नसतीच, आणि मागायचंही त्राण अंगात नव्हतं.

दोघं मोठ्या चौकात उभे आहेत. छपरांमधल्या अर्धमिटल्या खिडक्यांकडे आबा मान वर करून बघत राहतात.

"ह्या घरास्नी बी झोप आलीया रं."

नागनाथ त्यांना शहराचा जुना तट दाखवतो. हा बुरूज सुतारांनी सांभाळलेला, तो कुंभारांनी. गवंड्यांचा कुठला, असं आबा विचारतात. त्याला ते माहीत नाही, आणि आबांना हे मुळीच पटत नाही.

बुरुजाच्या पायऱ्या उतरून ते मोहोळच्या अंगणात येतात. चुना दळायची घाणी फिरतेय, बैलाशिवाय. आबा गूळ-हिरड्याचं पाणी घातलेला चुना त्याच्या चिमटीत ठेवतात. खडा लागतो का बघ, म्हणतात. तो चिमूट चोळतो. पायाखाली आता चौकाजवळचा लोखंडी पूल आहे. त्यावर कोणी खोटं बोललं की पूल कुरकुरतो, असं इथले लोक सांगतात.

"आबा, मला येता आलं नाही."

"ऱ्हाऊ दे त्ये. खिडकीखालच्या भिंतीत काय घातलंस?"

"चुना."

पूल कुरकुरतो.

आबा रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकलेले दिसतात. मग नागनाथच सांगून टाकतो. निधनाचा फोन आला त्या दिवशी हात चालेनात, म्हणून काम लवकर उरकायला त्याने सिमेंट मारलं. उद्या वर रंग चढेल, कुणाला कळणार नाही.

"आतली वल कुटनं जायाची?" आबा हळूच म्हणतात. "इटा कुजत्याल. शेकडो वर्सं उभी हाय बाबा ती भिंत."

नागनाथ जागा होतो. खाली चौकात ऊन आहे. त्याला खूप रडू येतं, बारा दिवसांत पहिल्यांदाच.

उजव्या हाताच्या चिमटीत ओला चुना आहे, लोण्यासारखा बारीक. तो नाकाशी नेतो. गुळाचा वास येतो. इथे चुन्यात गूळ कुणी घालत नाही.

तो हात पुसायला त्याचं मन होत नाही. डाव्या हाताने हातोडी उचलून तो खिडकीखालच्या सिमेंटवर पहिला घाव घालतो.