कडेवरचं नाव

कुणी पदक हातात दिलं की सदूभाऊ त्यावरच्या राजाकडे बघतच नसत. डोळे मिटून अंगठ्याचं नख पदकाच्या कडेवरून सावकाश फिरवत. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. नखाचा फेरा पुरा झाला की डोळे उघडून म्हणत, "राजा समद्यांवर सारकाच. मानूस कडंला असतोय."

सदूभाऊ मूळचे वलवणचे तांबट. लोणावळ्याच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून ते हंड्या-कळश्यांवर नावं घालत. पहिल्या महायुद्धानंतर दोन-तीन वर्षं ते सरकारी टाकसाळीत पदकांवर नावं ठोकायच्या कामाला होते. इंग्रजीचं एक वाक्य बोलता येत नसे, पण अक्षरं बोटांना पाठ होती. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर. बहिणीच्या लग्नाच्या कळशीवर नाव घालायला गेलो, तर माझं नाव-गाव विचारायच्या आधीच म्हणाले, "इंग्रजी लिवता का? मंग पलटनीच्या हापिसाला एक कागुद लिवून द्या." त्यानंतर माझे बहुतेक रविवार त्या ओट्यावर गेले.

मावळातली पुष्कळ माणसं लढाईवर गेली होती. त्यांची पदकं पुढं मोडीत निघत, गहाण पडत, नाहीतर तान्ह्या पोराच्या गळ्यात लटकत. कुणी विकायला आणलं की सदूभाऊ फितीचा रंग बघत, वरची पट्टी मूळची की मागून डाग देऊन बसवलेली ते सांगत, पण पदक कुणाचं आहे हे कळल्याशिवाय किंमत सांगत नसत. आधी घरच्यांचा शोध घ्यायचा. पत्ता लागलाच नाही तर नंबर उतरवून मी कचेरीला लिहायचं.

खंडाळ्याला बंगला असलेले एक हौशी गृहस्थ पदकं जमवत. त्यांनी एकदा कोऱ्या कडेचं चांदीचं पदक आणलं आणि एका नावाजलेल्या पलटणीतल्या शिपायाचं नाव घालून मागितलं. तसं नाव असलं की पदकाची किंमत चढते. सदूभाऊंनी ते त्यांच्या हातात परत ठेवलं. "साहेब, बंब आना, घंगाळ आना, म्हनाल ते नाव घालतो. ह्याच्यावर न्हाई. ह्ये नाव मानसानं जिवावर मिळवल्यालं असतंय." हा प्रसंग मी पुढं कित्येक वर्षं वर्गात मुलांना सांगत असे.

एके दिवशी इंदुरीच्या तान्हाबाई आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा बाळा शिंदे पलटणीत शिपाई होता, लढाईत गेला. टपालानं आलेलं पदक त्यांनी पंधरा वर्षं देवघरात ठेवलं होतं. त्याची कडी तुटली, म्हणून डाग द्यायला आणलं.

"चिंच लावली की बिल्ला लाल हुतोय बगा," त्या म्हणाल्या. "ही कसली चांदी?"

सदूभाऊंचं नख कडेवरून फिरलं आणि मधेच थांबलं. शिपायांना चांदीचं पदक असे. हे तांब्याकाशाचं होतं, सामान वाहणाऱ्या मजुरांच्या तुकड्यांना दिलेलं. नाव बाळा शिंदेच, पण हुद्दा मजूर. त्यांनी बाईंना काही सांगितलं नाही. कडी जोडून दिली आणि त्या गेल्यावर मला नंबर लिहून घ्यायला लावला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. त्या नंबरचा बाळा शिंदे दुसराच, नवलाख उंबऱ्याचा; नाव एकच म्हणून त्याचं पदक इंदुरीला गेलेलं. इराकातल्या बसऱ्याच्या इस्पितळात तापानं वारला. वारस, बायको सगुणा. बातमीचं पत्र पत्ता न लागल्यामुळे परत आलेलं.

आम्ही इंदुरीला गेलो. सदूभाऊंनी सारं सांगितलं. तान्हाबाईंनी देवघरातलं पदक उचलून हातात घेतलं.

"पंदरा वरसं म्या ह्याला फूल वाह्यलं. ते कुनाला पोचलं वो?"

मग त्या उठल्या, पदर सावरून म्हणाल्या, "चला. जिचं तिला म्या माज्या हातानं देते."

सगुणाबाई उंबऱ्याला भावाच्या गोठ्याशेजारच्या खोपटात राहत होत्या. नवरा मुंबईला पळाला, तिथं दुसरी केली, असं सासरच्यांनी उठवून दिलं आणि त्यांना घराबाहेर काढलं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्या शेणी थापत होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"सगुणाबाई, बाळा पळाला न्हाई," सदूभाऊ म्हणाले. "बसऱ्याच्या दवाखान्यात तापानं गेला. लढाईतच."

"कवा?"

"अठरा वरसं झाली."

त्या शेणाचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. "म्हंजी मला टाकून न्हाई गेलं?"

"न्हाई."

"आन् म्या रोज उठून त्यास्नी शिव्या घातल्या."

तान्हाबाईंनी त्यांचे हात आपल्या पदरानं पुसले, पदक तळव्यात ठेवलं आणि मूठ मिटून धरली. थोड्या वेळानं सगुणाबाईंचा दुसरा हात कपाळाकडे गेला. तान्हाबाईंनी तो मनगटाशी पकडला. "आजच्या दीस ऱ्हाऊ दे, पोरी."

परतताना वाटेत एका बांधावर आम्ही टेकलो. तान्हाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "सदूभाऊ, तुमच्यापाशी कोरं बिल्लं येत्यात म्हनं. एकावर माज्या बाळाचं नाव घालून द्या की."

"मावशी, ते खोटं हुईल."

"मला कुटं वाचता येतंय?"

"मला येतंय," सदूभाऊ म्हणाले.

आम्ही दोन वर्षं तान्हाबाईंच्या मुलाच्या खऱ्या पदकासाठी पत्रं घातली. पाठवल्याची नोंद आहे, पुढचं ठाऊक नाही, एवढंच उत्तर दर वेळी आलं. तिसऱ्या वर्षी तान्हाबाई वारल्या. सदूभाऊ दहाव्याला गेले होते. पदक ज्या वाटीत असे, त्या रिकाम्या वाटीला बाई शेवटपर्यंत रोज फूल वाहत होत्या, असं त्यांना पुतणीकडून कळलं. मला हे सांगितल्यावर त्या दिवशी त्यांनी हातोडी उचलली नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, मावळातली पोरं पुन्हा भरती होऊ लागली. सदूभाऊंचे हात तोवर कापायला लागले होते. भांड्यांचं कामही सुटलं. शेवटच्या आजारात मी शाळा सुटली की त्यांच्याकडे जाऊन बसत असे. एकदा ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मास्तर, त्या म्हातारीला नाव घालून दिलं असतं, तर कुनाचं काय गेलं असतं?"

"तुम्ही बरोबर केलंत, भाऊ."

"बरूबरच केलं," ते म्हणाले. "पर म्हातारी रिकाम्या हातानं गेली."

त्याच आठवड्यात ते गेले. बंगल्यातल्या गृहस्थांची ती गोष्ट त्यानंतर मी वर्गात पुन्हा कधी सांगितली नाही.