गुळाच्या रंगाची गाडी

भंगारवाल्यानं गॅस कटरची नळी उलगडली तेव्हा शांताक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा धाकटा दीर मल्लाप्पा त्या माणसाला हातवारे करून सांगत होता, "पुढनं सुरू करा. तोंडच तेवढं जड हाय, मागं निस्ती फळकुटं हायत."

शांताक्कानं तव्यावरची भाकरी तशीच सोडली. पिठाच्या हातानं अंगण ओलांडलं, गाडीचं तारेनं बांधलेलं दार हिसडून उघडलं आणि स्टेअरिंगमागं जाऊन बसली. सीटवर कोंबडीनं अंडं घातलं होतं, ते तिनं उचलून मांडीवर घेतलं.

"काप की," ती भंगारवाल्याला म्हणाली. "माझ्यासकट काप."

भंगारवाला शहाणा होता. त्यानं नळी गुंडाळली, "घरातलं मिटवा आन् मग फोन करा पावणं," असं मल्लाप्पाला सांगितलं आणि वाटेला लागला.

गाडी म्हणजे जुन्या जीपची पिकअप. पुढं जीपचं तोंड, मागं लाकडी हौदा. शांताक्काच्या नवऱ्यानं, महालिंग मगदूमनं, ती लग्नानंतर दोन वर्षांनी घेतली होती. तेव्हाही ती कुणीतरी वापरून टाकलेलीच होती. गडमुडशिंगीची भाजी पहाटे कोल्हापूरच्या मार्केटला न्यायची, हा धंदा. एकदा पोती उतरवताना महालिंग हौद्यातून उताणा पडला आणि मणका दुखावून दोन वर्षं अंथरुणाला खिळला. गावातली भाजी वांगी-कोबीसकट शेतात थांबली. तेव्हा सव्वीस वर्षांची, सीमेकडच्या कानडी बोलणाऱ्या घरातून आलेली ही बाई एका सकाळी पदर खोचून गाडीत बसली. मार्केटात गाडी मागं घेताना तिनं तीन चुकीचे प्रयत्न केले. हमाल कामं टाकून बघत उभे राहिले, पण जागा कुणी करून दिली नाही. चौथ्या वेळेला तिनं हौदा नेमका माल उतरवायच्या फळीला टेकवला आणि खाली उतरून म्हणाली, "बघून झालं असंल तर पोती उचला."

पुढं महालिंग बरा झाला, पण गाडी शांताक्कानंच अकरा वर्षं चालवली. मग इंजिन जाम झालं, घरात किराणा दुकान आलं आणि पिकअप शेवग्याच्या झाडाखाली लागली ती लागलीच. चार वर्षांपूर्वी महालिंग गेला. गाडीच्या हौद्यातून आघाडा उगवून वर आला होता.

"वैनी," भंगारवाला गेल्यावर मल्लाप्पा म्हणाला, "गाडी न्हाय ती आता, खुराडं हाय. मला तिथं ट्रॅक्टरला शेड मारायचंय."

"एक वर्ष दे मला."

"वर्षात काय करणार?"

"चालू करणार. रंगवणार."

"कोण?"

"मी. दुसरं कोण?"

मल्लाप्पा वाईट माणूस नव्हता. तो हसला, एवढंच. पण ते हसणं शांताक्काला लागलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईनं काय करावं याचा सगळ्या गावानं मिळून काढलेला हिशोब त्या हसण्यात होता.

इंजिनाचं काम तिला येत नव्हतं आणि तसा आवही तिनं आणला नाही. ते उतरवून उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं दिलं. एक भाग कुठं मिळेना, तेव्हा त्यानं जुन्या तुकड्यावरून साचा करून ओतून घेतला. होळीच्या आसपास इंजिन परत आलं, गाडीत बसवलं, आणि धूर ओकत, खोकत का होईना पण सुरू झालं. त्या दिवशी शांताक्काची मुलगी पवित्रा कामावर उशिरा गेली. पवित्रा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात होती. तयार माल बघायचा, बोट लावायचं आणि वाईट असेल तो परत पाठवायचा, हे तिचं काम. तिचा हात कडक होता.

खरं काम पत्र्याचं आणि रंगाचं. त्यासाठी शांताक्का केरबाकडं गेली. केरबा गावातला जुना पेंटर. त्याच्या हातचे ट्रक एकेकाळी पार बेळगावापर्यंत ओळखू यायचे. आता सत्तरी उलटली होती आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. माणूस समोर आला की त्याला नुसता आकार दिसायचा.

"आक्का, मला दिसत न्हाय," केरबा म्हणाला. "दिसत न्हाय त्याला रंगाचं काय इचारतीस?"

"डोळं माझं घ्या की. तुमी निस्तं तोंड चालवा."

"ते चालतंय अजून," केरबा म्हणाला आणि काठी शोधू लागला.

दुसऱ्या दिवसापासून तो उपड्या डब्यावर बसून हुकूम सोडायला लागला. आधी गंज काढ. तारेच्या ब्रशनं काढ, पोकळ लागला तर तिथला पत्राच कापून टाक, सडक्यावर मलम लावू नको. खालचा पत्रा निम्मा गेला होता. वेल्डिंगवाला दोन दिवस येऊन नवा जोडून गेला. मडगार्डाचे पोचे शांताक्कानं स्वतः लाकडी हातोड्यानं आतून ठोकून काढले. मग खोलगट राहिलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरनं घासायची. परत भरायची, परत घासायची. दुकान दुपारी बंद असायचं तेवढ्या वेळात हे चालायचं. पहिल्या आठवड्यात तिची बोटं सोलवटली. गिऱ्हाइकाला साखर मोजून देताना ती हात पदराखाली झाकायची.

"सपाट झालंय," ती एके दिवशी बॉनेटकडं बघून म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय की."

"डोळा लबाड असतोय. वर पातळ फडकं टाक आन् त्याच्यावरनं तळहात फिरव. हळू."

तिनं जुन्या धोतराचा तुकडा टाकून हात फिरवला. डोळ्याला आरशासारखं दिसणाऱ्या बॉनेटवर तीन ठिकाणी चढ-उतार होते. चाळीस वर्षं भाकरी थापलेला हात होता तो; भाकरीची कड कुठं जाड राहिली हे त्याला न बघता कळायचं. एकदा शोधायचं काय ते समजल्यावर मग तिनं केरबालाही सोडलं नाही. तो "बास" म्हणायचा तिथं तीच म्हणायची, "न्हाय, अजून एक लाट हाय," आणि तो चाचपून बघून चिडून कबूल करायचा.

रंगावरून घरात वाद झाला. पवित्रा म्हणाली पांढरा, मल्लाप्पा येता-जाता म्हणाला लाल. शांताक्काच्या मनात तिसराच होता. मार्च सरता सरता ती वाटेवरच्या गुऱ्हाळाजवळ थांबली होती. कढईतला गूळ नुकताच थंड करायच्या वाफ्यात ओतला होता आणि उन्हात तो ना पिवळा, ना तांबडा, असा आतून पेटल्यासारखा दिसत होता. तिनं त्यातला एक खडा मागून घेतला, कागदात गुंडाळला आणि थेट कोल्हापुरात रंगाच्या दुकानात जाऊन काउंटरवर ठेवला.

"असा पाहिजे."

दुकानदारानं खडा उचलून वास घेतला. "मावशी, हे किराणा दुकानात मिळतंय."

"ते माझंच हाय. तुमी रंगाचं बघा."

त्यानं चार वेळा मिसळून बघितला. चारही वेळा तिनं मान हलवली. पाचव्या वेळेला पत्र्यावर मारलेला थेंब वाळला तेव्हा दुकानदार स्वतःच म्हणाला, "हां. आता मुंग्या येतील."

रंग द्यायचा रिकाम्या गोठ्यात. भिंती धुतल्या, आढ्याला जुनी लुगडी बांधून चारी बाजूंनी पडदे केले, भाड्यानं कॉम्प्रेसर आणला. शांताक्कानं तोंडाला मास्क बांधला, पवित्राचा जुना रेनकोट घातला. आठवडाभर तिनं जुन्या पिंपावर स्प्रे गन चालवायचा सराव केला होता. केरबानं बजावलं होतं, धूळ बसायला जमिनीवर थोडं पाणी शिंपड. शांताक्कानं विचार केला, थोडं कशाला? आणि चार घागरी ओतल्या. श्रावणातला दिवस होता. आभाळ भरून आलं होतं, पण तिला आता दम निघत नव्हता.

पहिला हात सुरेख बसला. दुसराही. संध्याकाळी पवित्रा कामावरून आली तोवर रंग वाळला होता, आणि दुधात गूळ पडून दूध फाटावं तसा तो सगळा फुटला होता. बॉनेटवर, दारांवर, सगळीकडं पांढुरके ढग.

पवित्रानं गाडीभोवती एक फेरी मारली. बोट लावलं.

"काय ते सांग," शांताक्का म्हणाली.

"अव्वा, कारखान्यात असतं तर मी परत पाठवलं असतं."

शांताक्का भिंतीला टेकून खाली बसली. केरबाला बोलावलं. त्यानं हवा हुंगली, पायानं ओली जमीन चाचपली आणि कपाळावर हात मारला. "शिंपड म्हनलं हुतं, आंघोळ घाल न्हवतं म्हनलं. रंगानं पाणी प्यालं सगळं."

मल्लाप्पाही आला. तो या वेळी हसला नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं. "वैनी, ऱ्हाऊ दे आता," तो मऊ आवाजात म्हणाला. "लई केलंस. लोकबी म्हणत्यात, लई केलं म्हणून."

शांताक्का तशीच बसून होती. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, तोही स्वतःचाच. चूक कुणाची हे शोधायला कुठं जायचं नव्हतं. घागरी तिनंच ओतल्या होत्या. थोड्या वेळानं ती उठली, पॉलिश पेपर बादलीतल्या पाण्यात बुडवला आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापासून घासायला लागली.

"आत्ताच?" पवित्रा म्हणाली.

"माल परत आलाय न्हवं? मग?"

पवित्रानं पर्स खुंटीला अडकवली आणि दुसरा कागद घेतला.

एकवीस दिवस लागले. सगळा रंग पार प्रायमरपर्यंत उतरवला. मग मात्र शांताक्का थांबली. नवरात्र गेलं, दसरा गेला, तरी थांबली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय झालं गाडीचं?" ती म्हणायची, "हवा बघतोय." ऑक्टोबरचं ऊन कडकडीत पडलं, वाळत टाकलेली चादर तासाभरात कडक व्हायला लागली, तेव्हा एका रविवारी ती उठली. जमिनीवर ओल्या फडक्यानं पुसण्यापलीकडं पाणी लावलं नाही. अकरा वाजता गन हातात घेतली. मनगट न वळवता, पत्र्यापासून वीतभर अंतर राखून, एकसारख्या चालीनं डावीकडून उजवीकडं. केरबा पडद्याबाहेर डब्यावर बसून नुसता आवाज ऐकत होता. "हितं थांबलीस," तो एकदा ओरडला. "ओघळ येईल!" ती पुढं सरकली. चार हात झाले. शेवटच्या हातानंतर ती मागच्या मागं बाहेर आली आणि मास्क काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे काढले, गाडी बाहेर आणली. ऊन थेट बॉनेटवर आलं, आणि वाफ्यातला तो गूळ अंगणात उभा राहिला. पवित्रानं पुन्हा फेरी मारली. वाकून, तिरकं बघून, दाराच्या खालच्या कडेलाही बोट लावून. पुरती दहा मिनिटं.

"पास," ती म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडली.

केरबानं कुणाचा हात न धरता गाडी गाठली. धोतराला तळवा पुसून त्यानं मडगार्डापासून हौद्याच्या मागच्या फाळक्यापर्यंत हात फिरवत नेला. "आक्का," तो म्हणाला, "माझ्या हातनं असा एकबी निघाला न्हाय." त्याच्या तोंडून हे ऐकायला गावात दोन पिढ्यांचे पेंटर आसुसले होते.

कागदपत्रांचे सोपस्कार झाले, आरटीओत तपासणी झाली. तपासणाऱ्या साहेबानं विचारलं, "चालवून कोण दाखवणार?" शांताक्का स्टेअरिंगमागं बसलीच होती.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिनं गाडी पन्हाळ्याकडं काढली. शेजारी पवित्रा. मागून मोटारसायकलवर मल्लाप्पा, "ढकलायला लागली तर कोण हाय?" असं म्हणत. घाटात शेवटच्या चढावर पर्यटकांची एक बस वळणात अडकली आणि सगळी रांग जिथल्या तिथं थांबली. पुढं बस, मागं दहा मोटारी, गाडीचं तोंड आभाळाकडं. मागच्यानं हॉर्न वाजवला. पवित्रानं दाराची कडी घट्ट धरली.

शांताक्कानं हँडब्रेक ओढून ठेवला होता. बस हलली. तिनं पहिला गिअर टाकला, क्लच अर्ध्यावर आणला, इंजिनाचा आवाज जड झालेला ऐकला आणि मग ब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागं आली नाही. गुरगुरत, दमानं, पण एका चालीत ती वळण घेऊन वर निघाली. शांताक्का मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं की पवित्रा दचकली; आईचा असा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता.

गडावर गाडी लावली तर पाच मिनिटांत माणसं गोळा झाली. पोरीबाळी फोटो काढू लागल्या. एका पुण्याच्या माणसानं गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि मल्लाप्पाला विचारलं, "कुठल्या गॅरेजमध्ये केलंत हे काम?"

"गॅरेज न्हाय पावणं," मल्लाप्पा छाती काढून म्हणाला. "घरात. आमच्या वैनीनं केलंय, सोत्ताच्या हातानं. ती काय, झुणका-भाकरी खात बसलीया."

तो माणूस तिच्याकडं गेला, आणि नंतरही लोक येतच राहिले. आता गडमुडशिंगीतल्या त्या गोठ्यात कधी कुणाच्या आजोबाची जीप असते, कधी एखादा जुना ट्रॅक्टर. मल्लाप्पानं शेड मारलं, पण शेवग्याखाली नाही. गोठ्यालाच लागून मारलं, थांबलेल्या गाड्यांना सावली हवी म्हणून. केरबा रोज डब्यावर येऊन बसतो आणि भांडतो. परवा शाहूवाडीकडचा एकजण घाईला आला होता, भाचीच्या लग्नाआधी जीप पाहिजे म्हणाला. शांताक्कानं दारावर तळहात फिरवला, हातावरची गंजाची भुकटी झटकली आणि म्हणाली, "लगीन पुढं ढकला, न्हायतर दुसऱ्या गाडीनं जावा. मी घाई करणार न्हाय."

जीप तो ठेवून गेला.