पुलाजवळ आलोय

ताईच्या दुकानात पडदे शिवायला टाकले की ते कधी मिळतील हे खुद्द ताईलाही माहीत नसायचं, पण तारीख सांगताना तिची जीभ कधी अडखळली नाही. "बुधवारी या." बुधवारी गिऱ्हाईक आलं की, "अहो, झालेच. नुसत्या कड्या लावायच्या राहिल्यात." गिऱ्हाईकाची पाठ वळली की ती बाकाखालून त्याचं गाठोडं ओढायची, आणि त्या कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नसायची. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी माणसं तिच्याकडेच यायची, कारण तिच्या शिलाईत खोट नव्हती आणि तिच्या दारातून कुणी तोंड पाडून परत गेलं नव्हतं. "माणसाला तारीख नको असते, समाधान हवं असतं," असं ती म्हणायची. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असताना शहाणी माणसं बोलत नाहीत, ताई बोलायची.

धाकटी बहीण अगदी उलट. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. गोळी जेवणाआधी की नंतर, हे ती गिऱ्हाइकाकडून दोनदा वदवून घ्यायची. धाकटीला खोटं बोलता येत नाही, असं घरात सगळे कौतुकाने सांगत. खरं म्हणजे तिला फारसं बोलताच यायचं नाही, आणि ताई शेजारी असली तर मुळीच नाही.

मुलं मोठी झाली, ताईचे यजमान गेले, धाकटीचे यजमान निवृत्त होऊन टीव्हीपुढे जे बसले ते बसलेच. तेव्हा ताईने एक जुनी गाडी घेतली आणि दोघी बहिणी हिंडायला लागल्या. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप, औषधांच्या दुकानात रजेचा अर्ज, मागच्या सीटवर उशा आणि प्रत्येक घरासाठी ताईने उरलेल्या कापडातून शिवलेले अभ्रे. हॉटेलचं नाव काढायचं नाही. मामाकडे जेवण, चुलतबहिणीकडे मुक्काम, जुन्या मैत्रिणीकडे चहा. "डोंगर आणि समुद्र काय बघायचेत? ते आहेत तिथेच राहणार," ताई म्हणायची. "माणसं उठून जातात."

गाडी ताई चालवायची, फोन धाकटीकडे असायचा. फोनवर काय बोलायचं तेही ताईच सांगायची. "सांग, निघालो." तेव्हा ताईच्या तोंडात दात घासायचा ब्रश असायचा. "सांग, गावाबाहेर पडलो." तेव्हा गाडी पेट्रोल पंपावरच्या रांगेत असायची. धाकटी ते शब्दाला शब्द पुढे पोचवायची. निरोप्या खोटारडा नसतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आणि पलीकडचं माणूस खूश व्हायचं, आधण ठेवायचं, ते तीनदा उकळून आटायचं, आणि मग या दोघी हसत दारात उभ्या राहायच्या. कोण रागावणार?

फेरीतलं शेवटचं घर मावशीचं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, पुलापलीकडच्या गल्लीत स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. तिची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला यंत्र लावून ती माणसांना माणसं जोडून द्यायची, आणि उभ्या नोकरीत एक नंबर चुकीचा ऐकला नाही याचा तिला कोण अभिमान! मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहायचा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. सगळे त्याला अजून बाळ्याच म्हणत. बाळ्या आईला सारखा म्हणायचा, चल माझ्याकडे. मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "कान आणि डोकं शाबूत आहे तोवर मी माझ्या घरात."

त्या वर्षी मावशीकडे जायच्या दिवशी दोघी ताईच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे जेवायला थांबल्या होत्या. मैत्रिणीचं गाव मावशीच्या गावापासून चांगलं दीड-दोन तासांवर. जेवणं आटोपली आणि मैत्रिणीने नातीच्या लग्नाचे फोटो काढले. तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"कुठवर आलात गं?"

धाकटीने ताईकडे बघितलं. ताईने फोटोवरून नजर न काढता बोट हलवलं. "सांग, पुलाजवळ आलोय."

"पुलाजवळ आलोय, मावशी."

"अगं बाई! मग मी कोपऱ्यावर येऊन थांबते. मागच्या वर्षी वळण चुकून पुढे गेलात ना? आता तर तिथे नवीन दुकानं झालीत, ओळखूच येत नाही."

धाकटीने फोनवर हात ठेवला. "ताई, ती कोपऱ्यावर येतेय म्हणते. उन्हात."

"येऊ दे की. पाय मोकळे होतील. निघालोच आपण," ताई म्हणाली, आणि मैत्रिणीला म्हणाली, "ही नवऱ्यामुलाची आई का गं? चेहऱ्यावरून तर सासूच वाटते." दोघी खो खो हसल्या. मग चहा झाला. मग मैत्रिणीने लिंबाचं रोप दिलं, ते मुळांना ओलं फडकं बांधून गाडीत ठेवण्यात आणखी वेळ गेला. धाकटी फोन हातात धरून दारात उभी होती. मावशीला परत फोन करून घरात जा म्हणून सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग खरं काय ते सांगावं लागलं असतं.

कोपऱ्यावर मावशी नव्हती. घराला नुसती कडी घातलेली, आत टेबलावर तीन ताटं पालथी मांडून ठेवलेली. शेजारीण धावत आली. मावशी कोपऱ्यावर तासभर उभी होती म्हणे. दुकानदाराने आत बसा म्हटलं, तर म्हणाली, "नको हो, पुलाजवळ आल्यात, मी आत गेले आणि त्या पुढे गेल्या तर?" मग भोवळ आली आणि ती फुटपाथच्या कडेवरून खाली कोसळली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळ्या कामावरच्या कपड्यांतच उभा होता, हात ग्रीसने माखलेले. त्याने रडवेल्या आवाजात विचारलं, "ताई, आई सारखी म्हणतेय, पुलाजवळ आल्यात, पुलाजवळ आल्यात. तुम्ही तिला सांगितलं तरी काय होतं?"

आता इथे काय बोलायला हवं होतं हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण ताईच्या पाचावर धारण बसली होती, आणि घाबरल्यावर माणूस सवयीचंच करतो. समोरच्या बाकावर बाळ्याची बायको बसली होती, पलीकडे डॉक्टर काहीतरी लिहीत होते. ताई म्हणाली, "अरे, आम्ही दोन तास लागतील असं सांगितलं होतं."

धाकटीने तोंड उघडलं. ताईने तिच्याकडे बघितलं. धाकटीने तोंड मिटलं.

"म्हणजे मला शंका होती तेच," बाळ्या म्हणाला आणि बायकोशेजारी जाऊन बसला.

एक खोटं पचवायला दुसरं लागतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. दुसरं खोटं कुणाच्या पोटात जाऊन बसेल ते मात्र माहीत नसतं. हाड जुळत आलं, मावशी काठी धरून चालायला लागली, पण बाळ्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. आई भलतंच ऐकते, वेळेचं भान राहिलेलं नाही, आता हिला एकटं ठेवायचं नाही. त्याचं काय चुकलं? ताईसारख्या मोठ्या बहिणीने सांगितलं होतं, आणि कधी खोटं न बोलणारी धाकटी तिथेच उभी होती. मावशी त्याच्या फ्लॅटवर आली ती आलीच.

मावशीचा धाकटीला फोन यायचा. आधी ती भांडायची. "माझ्या कानांनी ऐकलंय मी, पुलाजवळ म्हणून." मग भांडण कमी होत गेलं. एक दिवस ती हळूच म्हणाली, "तुम्ही दोन तास म्हणाला होतात ना गं? मग मला पूल कुठून ऐकू आला? टेलिफोनात जन्म गेला माझा." धाकटीने औषधांच्या दुकानात, कपाटांच्या मागे उभं राहून तो फोन घेतला होता. तिला "मावशी" एवढंच म्हणता आलं.

तिने ते ताईला सांगितलं तेव्हा ताई मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही. शिवण वाकडी गेली, ती उसवली, परत घातली, परत वाकडी गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही. त्या दिवसांत ताईची झोप गेली. गिऱ्हाइकांना ती एकदम खरं सांगायला लागली. "तीन आठवडे लागतील. जमत नसेल तर दुसरीकडे बघा." गिऱ्हाइकं चपापून परत जायची. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना?" पण या खरेपणाने तिला काडीचंही बरं वाटलं नाही. जिथं खरं बोलायला हवं होतं ते ठिकाण सोडून ती भलत्याच ठिकाणी खरं बोलत होती, आणि हे तिचं तिला कळत होतं.

मग बाळ्याच्या बायकोचा फोन आला, की रविवारी मावशीचं घर रिकामं करायचंय, भाडेकरू येतोय, तुम्हाला आठवण म्हणून काही भांडीकुंडी हवी असतील तर सांगा.

ताईने त्याच दिवशी शटर खाली ओढलं आणि धाकटीच्या दारात गाडी उभी केली. "चल."

त्या प्रवासात दोघी कुणाकडेही उतरल्या नाहीत. मामाचं गाव गेलं, मैत्रिणीचं गाव गेलं. मग ताई म्हणाली, "तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू माझ्याकडे बघितलंस."

"मी काय तुला खाणार होते?"

धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आयुष्यभर तुझंच बोलणं मी बोलत आले, ताई. माझं म्हणून काही बोलायची वेळ आली आणि मला सुचलंच नाही." ताईला हे झोंबलं.

बाळ्याच्या फ्लॅटवर मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. भिंतीलगत तिच्या घरातून आधीच आणून ठेवलेली काही खोकी. ताई खाली जमिनीवरच बसली, मावशीचे दोन्ही पाय धरून, आणि सगळ्यांच्या देखत तिने सगळं सांगितलं. मैत्रिणीचं घर, फोटो, बोट हलवणं, "येऊ दे की, पाय मोकळे होतील" हेसुद्धा. दवाखान्यातलंही. काही राखलं नाही. "तू बरोबर ऐकलंस, मावशी. पुलाजवळच म्हणालो होतो आम्ही. मी खोटं बोलले. तुझं काही चुकलेलं नाही."

बाळ्याचा चेहरा लाल झाला. "इतके महिने, ताई? इतके महिने मी माझ्या आईला..." मग तो आईजवळ गेला. "आई, ऐकलंस ना? भाडेकरूला नाही म्हणून कळवतो. रविवारी तू तुझ्या घरी."

मावशी ताईच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ती हसली.

"वेडी आहेस तू. आजारातून उठले होते तेव्हा मला आरशात बघवत नव्हतं, आणि तू म्हणाली होतीस, मावशी, तुला पातळ केस शोभतात. तुझा स्वभावच आहे तो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही बोलशील."

"नाही गं, या वेळी खरंच..."

"मावशी, ती खरं बोलतेय," धाकटी मध्येच म्हणाली. "फोन मीच केला होता... म्हणजे, मीच घेतला होता. पुलाजवळ हा शब्द माझ्या तोंडचा आहे."

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं, पूर्वी नंबर परत विचारताना बघत असेल तसं. "तू कधी खोटं बोलत नाहीस ना?"

"नाही."

"दवाखान्यात तू तिथेच होतीस. ही दोन तास म्हणाली, ते चुकीचं असतं तर तू तिथल्या तिथे बोलली असतीस. मी ओळखते तुला. गप्प बसली नसतीस तू." तिने धाकटीचाही हात थोपटला. "आज बहिणीसाठी बोलते आहेस, ते कळतं मला. चांगल्या पोरी आहात दोघी."

बाळ्याने धाकटीकडे बघितलं, धाकटीने जमिनीकडे. या बाईचं डोकं चालत नाही असं आता कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं, आणि पटवायचं होतं तिलाच.

"राहू दे रे ते घर," मावशी बाळ्याला म्हणाली. "आज कोपऱ्यावर पडले, उद्या गॅस चालू ठेवून झोपेन. इथे सूनबाई आहे विचारायला."

तिच्यापुढच्या तिपाईवर गोळ्यांची पेटी उघडी होती. दुपारचा कप्पा रिकामा होता, तो सगळ्यांना दिसत होता, तिलाही दिसत होता. तरी तिने स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "मी दुपारची गोळी घेतली का गं?"

"घेतलीत, आई."

"घेतली ना? बरं," मावशी म्हणाली, आणि पेटीचं झाकण लावलं.