आबांनी शेवटची जीप चालवली तेव्हा

कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी... तरी हे लिहितेय, कारण ते भर दुपारी, माझ्या शेजारच्या सीटवर घडलं.

साल १९९६. आम्ही कळसला राहायचो. माझे वडील, आबा, सरकारी जीपचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. वय सदुसष्ट. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आणि त्याचा ताठा केवढा! नंतर स्वतःची जुनी जीप घेतली. पण हल्ली चहाचा कप चाचपडत धरायचे, म्हणून बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो.

"आबा, बसने जाऊ."

"मला शिकवती व्हय? गप बस हितं."

रागाने मी तोंड फिरवून बसले. वाटेत उसाची ट्रॉली बंद पडलेली — आबांनी सफाईने उजवीकडून गाडी काढली. कॅनॉलच्या पुलाचा कठडा तुटलेला, तिथे आधीच वेग कमी केला. म्हैस आडवी आली, मी दचकेपर्यंत ब्रेक लागलासुद्धा! वाटलं, उगाच भांडले.

डॉक्टरांनी तपासून मला विचारलं, "यांना आणलं कुणी?"

"तेच जीप चालवत आले."

ते बघतच राहिले. "बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. हातभर अंतरापलीकडे यांना नुसता धूर दिसतो!"

बाहेर येऊन विचारलं, "आबा, मग गाडी चालवली कशी?"

"तू सांगत हुतीस की! आबा, ट्रॉली हाय, उजवीकडं घ्या... पूल आला, हळू... म्हैस, थांबा..."

"आबा, कळसपासून मी एक शब्द बोलले नाही."

"थट्टा करू नगस, सुनंदे. आवाज तुझाच हुता. पार कानाशी."

मी शपथ घेतली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. किल्ली त्यांनी आपणहून माझ्या हातात ठेवली, जीप तिथेच ठेवून आम्ही बसने परतलो.

ऑपरेशननंतर त्यांना स्वच्छ दिसू लागलं, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. रस्ता पाठ होता म्हणावं, तर ट्रॉली आणि म्हैस कशी पाठ असेल?

आबा जाईपर्यंत मधूनच विचारायचे, "जल्मात कुणाचं ऐकलं न्हाय मी. त्या दिवशी ऐकलं... ते कुणाचं गं?"