बड्यांवर टांगलेली नदी

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, आणि गेले ती शेजारच्या ब्लॉकमधल्या बंगाली सरांमुळे. सर प्लांटमधून निवृत्त झालेले इंजिनिअर. बारावीपर्यंत त्यांनीच माझं गणित घेतलं. क्वार्टर सोडून मुलीकडे कायमचं जायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला एक जाड खोका दिला. आत एका चेक संगीतकाराच्या सीड्या होत्या. सर सांगायचे, त्याचा देश परक्यांच्या राज्यात होता, शाळेत त्याला भाषाही परकीच शिकवली. आपली तो मोठेपणी शिकला आणि देशातली नदी, डोंगर, गावची नाचगाणी वाद्यांतून मांडत राहिला.

आमच्याकडे सीडी वाजवायला काहीच नव्हतं. सरांना हे सांगायची मला लाज वाटली. खोका मी शोकेसमध्ये, पदवीच्या फोटोशेजारी उभा केला. पाहुण्यांनी विचारलं की त्या संगीतकाराचं नाव नीट उच्चारून सांगायची.

निघायच्या आदल्या दिवशी सर स्वतःच आले. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला प्लेयर.

"मैंने सोचा ही नहीं, तुम बजाओगी किस पर."

मी खोका काढला. हलका लागला. आत नुसती माहितीची पुस्तिका होती.

मागच्या अंगणात गेले, तर तिथे आईने रखियाच्या बड्या, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळत घातल्या होत्या. त्यांच्यावर बांधलेल्या दोरीला साऱ्या सीड्या झुलत होत्या, लखलखत, वाऱ्याने एकमेकींवर आपटत. वळून पाहिलं तर सर माझ्या मागेच उभे.

"कावळे लय येऊन राहिले होते ना, सर," आई म्हणाली. "चमकलं का भेतात." मग तिने माझा चेहरा पाहिला. आवाज उतरला. "काय होतं वं त्याच्यात?"

"गाने थे, मम्मी," मी शाळेपासूनच्या सवयीने हिंदीतच म्हणाले.

"एक नदी भी है," सर म्हणाले.

"म्हंजे नदीच वाळवली म्या."

इतक्या वर्षांत सरांना तिचं बोलणं कळायला लागलं होतं. ते हसले. मला हसता आलं नाही. मान वर करवत नव्हती.

आईने सीड्या उतरवल्या, एकेक पदराने पुसून दिली. सरांनी नदीची शोधून लावली. आधी बासरी, पाण्याच्या बारीक धारेसारखी. मग इतर वाद्यं आली, धार रुंद झाली. मग एकच तुकडा पुन्हा. पुन्हा. पुन्हा. सर मान खाली घालून ऐकत बसले होते.

आई माझ्याजवळ सरकली. "असंच असते का हे?"

त्याची चालच तशी असेल, की सीडी अडकली असेल, मला ओळखता येत नव्हतं. घरात इतके दिवस मिरवलेल्या गोष्टीतलं मीही आईइतकंच ऐकलं होतं, आत्ता, पहिल्यांदा.

"मले नाई मालूम, आई."

सरांनी ते ऐकलं. हात लांबवून बटण दाबलं.

"अटक गई है," ते म्हणाले, आणि दुसरी सीडी उचलून उजेडात धरली.