जे पुढे चालेल त्याच्या मागे

ज्या बातम्या छापू दिल्या जात नाहीत, त्यांचे पुढे किस्से होतात. माझ्याकडे सगळ्यांत जास्त किस्से २००८-०९ चे आहेत, यावरून काय ते समजा!

दुबईतल्या एका इंग्रजी पेपरात मी तेव्हा सीनियर रिपोर्टर होते. मंदी दारात येऊन उभी होती आणि आमच्या पेपरात ‘मंदी’ हा शब्द लिहायला बंदी होती. ‘करेक्शन’ लिहायचं. मी मॅनेजिंग एडिटर ग्रॅहमला विचारलं, “म्हणजे आधी जे छापत होतो, ते चूक होतं का?”

ग्रॅहम गोड हसला. त्या हसण्याला घाबरायला हवं, हे आम्हाला अजून कळायचं होतं.

*

अल क्वोजमधल्या आमच्या ऑफिसला काचेचा दरवाजा होता. कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागे आणि दरवाजा उघडे.

प्रॉपर्टीचं पान बघणाऱ्या शेट्टीला ग्रॅहमने एका रिसॉर्टच्या फुकट प्रेस-टूरवर पाठवलं. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “हॅव अ लव्हली ट्रिप!” शेट्टी परत आला, कार्ड टेकवलं, लाल दिवा. पुन्हा टेकवलं, लाल. काचेबाहेर हातात चॉकलेटचा डबा घेऊन तो उभा, आणि आतले आम्ही सगळे अचानक आपापल्या स्क्रीनवर काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला लागलो.

लाल दिवा लागला की गार्डने एचआरला फोन करायचा, असा नियम होता. फोन झाला. एचआरचा माणूस बाहेर आला, शेट्टीच्या कानात काहीतरी बोलला आणि व्हिसा रद्द करायचे कागद पुढे केले. खलास!

थोड्या वेळाने गार्ड डबा घेऊन आत आला. “शेट्टी साहबने सबके लिये भेजा है.”

संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला होता.

*

मग बिझनेस डेस्कवरची एक मुलगी ‘लव्हली ट्रिप’ला गेली आणि तिच्याही कार्डाला लाल दिवा लागला. पद्धत आमच्या लक्षात आली. माणूस समोर नसताना कार्ड बंद करायचं, म्हणजे रडारड नाही, भांडण नाही, कोणी टेबल धरून बसत नाही. सोयीचं!

त्यानंतर एअरलाइन्सची फुकट तिकिटं टेबलावर पडून राहू लागली. पूर्वी ज्यांनी स्वित्झर्लंडसाठी एकमेकांचे गळे धरले होते, त्यांना आता तिकीट दिसलं की कंबरदुखी सुरू होई. एका सब-एडिटरने पॅरिस नाकारायला डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं. त्यावर ‘प्रवास जिवाला धोकादायक’ असं लिहिलं होतं!

कोणी हसलं नाही.

*

ऑफिससमोर बांधकाम कामगारांची राहण्याची इमारत होती. प्रत्येक गॅलरीत दोऱ्या, दोऱ्यांवर कामाचे निळे डांगरी कपडे. एके सकाळी मी आले तर खाली नेहमीच्या बसेस नव्हत्या, माणसं नव्हती, आवाज नव्हता. कपडे मात्र तसेच वाळत होते. आठवडाभर ते वाऱ्याने हलत राहिले, जणू आत अजून कोणीतरी होतं.

मी फोटोग्राफरला घेऊन गेले. विल्सन, आमचा वसईचा. त्याने गॅलऱ्यांचे फोटो काढले आणि कुजबुजला, “ताई, फोटोत बाह्या आपल्याला हात करतायत असं वाटतं.”

कामगारांना रातोरात घरी पाठवल्याची बातमी मी ग्रॅहमकडे दिली. त्याने ती शांतपणे वाचली. “मेधा, वी आर अ फॅमिली न्यूजपेपर.”

“मग ही माणसं कुठल्या फॅमिलीची होती?” मी टेबलावर हात आपटला.

ग्रॅहम गोड हसला. “तुम्ही दोघं दमलेले दिसता. टांझानियाला जा. विल्डबीस्टच्या विणीचा हंगाम आहे, सगळीकडे बाळंच बाळं. हॅव अ लव्हली ट्रिप!”

*

मला माझी फारशी भीती नव्हती. आमचं अल बर्शाचं घर, मुलाची शाळा, सगळ्यांचे व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होते. मुलगा म्हणाला, “आई, कॅन यू नॉट फाइट विथ युअर बॉस फॉर वन डे?” तेवढंच.

विल्सनचं तसं नव्हतं. त्याची बायको लॉर्ना पोटुशी होती. त्याची नोकरी गेली की दोघांचा व्हिसा जाणार, देश सोडायला लागणार. आणि दिवस इतके भरलेले, की विमानकंपनी तिला चढू देणार नाही. राहता येत नाही आणि जाताही येत नाही! ट्रिपला नाही म्हटलं असतं तर ग्रॅहमला आयतंच कारण मिळालं असतं.

एअरपोर्टवर लॉर्ना त्याला म्हणाली, “आता कसं होणार, ते बोलू नको. बाळाला ऐकू येतं.”

*

सेरेंगेटीच्या दक्षिणेला, नडुटूच्या माळावर, एका बिल्डरची लॉज होती. त्याचा पीआरवाला रिकी आमच्यासोबत. त्याला सगळं ‘अमेझिंग’ वाटायचं. लॉजचं बांधकाम अर्धवट का थांबलं, असं मी विचारलं की म्हणायचा, “पुढच्या सीझनला पूर्ण होईल, इन्शाल्ला!”

माळ क्षितिजापर्यंत काळा दिसत होता. हजारो विल्डबीस्ट, ती गाईच्या तोंडाची दाढीवाली हरणं, एकदम घशातून हुंकारत होते. तो आवाज कानात शिरत नव्हता, जीपच्या पत्र्यातून पायांत चढत होता. समोर एक मादी व्याली. ओलं, लटलटतं पिल्लू पडलं, उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या मागे धावायला लागलं. लांब गवतात तरस नुसते बसून होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

विल्सनचा कॅमेरा वाजला नव्हता. मी पाहिलं तर त्याने डोळे मिटून घेतले होते.

“उभं राहिलं का?” त्याने विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू आमच्या जीपच्या मागे लागलं.

कळप पुढे पळाला होता आणि ते चुकलं होतं. ड्रायव्हर जोसेफ म्हणाला, “आई हरवली की ही पिल्लं जे पुढे चालतं, त्याच्या मागे जातात. दुसऱ्याची आई, जीप, काहीही.” जीप थांबली की ते मागच्या चाकाला अंग घासत उभं राही. निघालो की पळत येई.

“अमेझिंग!” रिकी म्हणाला.

“तू गप्प बस!” मी म्हणाले.

विल्सनने जोसेफच्या खांद्याला हात लावला. “कळपाकडे ने. हळू. त्याला जमेल तेवढंच.”

जोसेफने तसं नेलं. पिल्लू कळपात शिरलं. एका मादीने हुंगलं आणि शिंगाने ढकललं. दुसरीने ढकललं. ते पुन्हा आमच्याकडे वळलं, आणि तेवढ्यात आमच्या आणि त्याच्या मधून एक तरस चालत गेला. धावला नाही, पिल्लाकडे बघितलंही नाही. गवताच्या दिशेने चालत राहिला.

पिल्लू थांबलं. मग शेपटी हलवत त्याच्या मागे निघालं.

गवत हललं आणि स्थिर झालं. जोसेफने जीप वळवली.

*

परतल्यावर आम्ही दोघं काचेच्या दरवाजासमोर उभे. मी कार्ड टेकवलं. हिरवा!

म्हणजे पाळी विल्सनची असणार, हे दोघांनाही कळलं. विल्सनने कार्ड खिशातून काढलंच नाही. माझ्या पाठीला चिकटून, माझ्याच पावलांवर तो आत आला.

“लाल दिवा लागला तरच गार्ड फोन करतो ना, ताई? दिवा लागलाच नाही तर?”

“मी आत्ता जाऊन ग्रॅहमला विचारते!”

“नको! तुम्ही विचारलंत तर त्याला आठवेल.”

आयुष्यात पहिल्यांदा मी भांडायला गेले नाही. पगार तेव्हा सगळ्यांचेच अडकलेले, त्यामुळे विल्सनची नोकरी आहे की गेली, ते त्यावरूनही कळेना. रोज विल्सन कोणाच्या तरी मागून आत यायचा. कधी माझ्या, कधी कॅन्टीनवाल्याच्या, कधी एचआरच्याच माणसाच्या! कोणी वळून बघत नसे, फक्त दरवाजातून जाताना प्रत्येकाचं पाऊल किंचित मंद होई. तो असाइनमेंटवर जाई, फोटो देई, फोटो छापून येत. नाव मात्र येत नसे. पिल्लाचा फोटोही पहिल्या पानावर आला, कळपात शिरतानाचा. ग्रॅहमने स्वतः मथळा दिला: ‘नवी सुरुवात’!

ग्रॅहम त्याच्याशी बोलत नव्हता. त्याला विल्सन दिसत होता की नव्हता, हेही कधी कळलं नाही.

*

लॉर्नाला मुलगी झाली. दुबईतच, नीट. दोघी घरी आल्यावर विल्सन केक घेऊन ऑफिसला आला. मी दरवाजापाशी त्याला गाठलं.

“आता लाव कार्ड.”

“लाल लागला तर?”

“लागू दे. लॉर्नाला आता विमानात बसता येतं. पण रोज असं दुसऱ्याच्या सावलीतून येणं पुरे! यल्ला, चल!”

त्याने डोळे मिटले आणि कार्ड टेकवलं.

हिरवा.

कार्ड कधी बंद झालंच नव्हतं, की कोणी मधेच सुरू केलं, कोण जाणे! विल्सन माझ्याकडे बघत राहिला. दरवाजा उघडला होता, पण त्याला आत जायचं सुचेना.

मग आमच्या मागे पावलं वाजली.

ग्रॅहम होता. मालकांनीच त्याला आठवडाभर पाहुणा म्हणून मॉरिशसला पाठवलं होतं, तिथून तो परत आला होता. उन्हाने रापलेला, हातात चॉकलेटचा डबा. कार्ड गळ्यात लटकत होतं. तो ते टेकवायला पुढे झाला नाही. आमच्याकडे बघितलंही नाही. विल्सनच्या पाठीशी अगदी जवळ येऊन उभा राहिला.

विल्सनने एकदा मागे पाहिलं. मग केक सावरून आत पाऊल टाकलं आणि चालू लागला. हळू. त्याला जमेल तेवढंच.