हळदीच्या फोटोतला हात

भूत, भानामती, अंगात येणं — यातलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. तरीही हे लिहितेय, कारण हे मी भरदुपारी, स्वतःच्या कॉम्प्युटरवर पाहिलंय...

तेलगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा शूटिंग करतो, एडिटिंग माझ्याकडे. गेल्या उन्हाळ्यात राधा नावाची पोरगी वडिलांना घेऊन लग्नाचा अल्बम बघायला आली. शेळ्या-मेंढ्या राखणारं घर. लग्न ठरल्यावर तिची आई तापानं गेली. वर्षाच्या आत कार्य उरकायचं म्हणून हळद लागली, ती रडत-रडतच.

“ताई, मायला बसवा की हळदीच्या फोटोत,” राधा म्हणाली.

आईचा एकच फोटो होता, आधारकार्डावरचा. तो कापून बसवून पाहिला, पण ती माउली लेकीकडे बघेचना, समोर डोळे वटारून उभी! “नाही जमत गं,” मी सांगून टाकलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी हळदीचा तिचाच एक पाठमोरा फोटो उघडला. पिवळ्या मांडवाची झाक तिच्या पांढऱ्या साडीवर आली होती. ती काढायची, पण अंगावरची हळद तशीच ठेवायची, म्हणून हळदीचा रंग तेवढा निवडला आणि मास्क पाहिला. मास्कमध्ये निवडलेला रंग पांढरा दिसतो, बाकी सगळं काळं. मान पांढरी, दंड पांढरे — बरोबर. पण साडीवर, पाठीच्या मधोमध, पांढरा पंजा उमटला होता.

फोटोत तिथं साधा डागही नव्हता. वाटलं, कुणा बाईचा हळदीचा हात पुसटसा लागला असेल... तेवढ्यात वडील खुर्चीतून उठले.

“करंगळी बघा... अर्धीच हाय. हिच्या मायची कडबा कुट्टीच्या मशिनीत गेलती.”

हळदीला आलेल्या बायकांत तसा हात कुणाचाच नव्हता, असंही त्यांनी सांगितलं.

“हे पुसू नका, ताई,” राधा कशीबशी बोलली. मी फाइल सेव्ह केली, परत उघडली — मास्कमध्ये पाठ काळी. तोच फोटो, तोच रंग, पुन्हा पुन्हा निवडला. मान येत होती, दंड येत होते. हात काही आला नाही. एवढं हातात येऊन गेलं म्हणून मला रडूच फुटलं.

राधा वडिलांकडे पाठ करून उभी राहिली. “आण्णा, कुठं होता हात? तुमी ठेवा की.”

त्यांनी पंजा तिच्या पाठीवर ठेवला. मग हळूच करंगळी आत दुमडली.

मी कॅमेरा उचलला. तो फोटो अल्बमात शेवटी लावलाय. मास्कमधला हात कुठून आला, कुठं गेला, मला आजही सांगता येत नाही. या शेवटच्या फोटोला मात्र मी काहीच एडिटिंग केलेलं नाही.